मेंदूचं पंचांग वेगळं असतं

तिसाव्या दिवशी सुट्टी होते. पिशवी भरलेली असते, वजन थोडं वाढलेलं असतं, रात्री झोप लागायला लागलेली असते. न्यायला आलेले घरचे लोक समुपदेशकाचे हात हातात घेऊन आभार मानतात. "सुटलास बाबा एकदाचा," असं कुणीतरी म्हणतं आणि ज्याला उद्देशून म्हटलेलं असतं तोही मनापासून मान डोलावतो. त्याला खरंच कोकेनची आठवण येईनाशी झालेली असते. सातव्या-आठव्या आठवड्यात तोच माणूस जुन्या मित्राच्या गाडीत बसतो, गाडी ओळखीच्या वळणावर वळते, आणि पुढचं सगळं घरच्यांना पाठ असतं. मग वाक्य बदलतं: "ह्याला सुधारायचंच नाही."

या दोन वाक्यांच्या मधल्या दिवसांत मेंदूत काय चाललेलं असतं, त्याबद्दल मला लिहायचं आहे. कोकेन, अ‍ॅम्फेटामाइन, मेथॲम्फेटामाइन ही उत्तेजक द्रव्यं मेंदूत काय बदलतात हे आता बऱ्यापैकी कळलेलं आहे. ते बदल कधी होतात, कधी शिगेला पोचतात आणि कधी ओसरतात, यावरही पुष्कळ काम झालेलं आहे. तरीही उपचार किती दिवसांचा, चूक किती वेळा माफ, विश्वास कधी टाकायचा, या सगळ्याच्या तारखा आपण भलत्याच पंचांगावरून काढतो. खाटांची संख्या, विम्याची मुदत, न्यायालयाची पुढची तारीख, घरच्यांचा संयम. या यादीत मेंदू कुठेच नसतो.

सुरुवात एका प्रथिनापासून करतो, कारण ते नीट पाहिलं की पुढचं सोपं जातं.

चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मधे बारीक फट असते. एक पेशी त्या फटीत डोपामाइन नावाचं संदेशवाहक रसायन सोडते, समोरच्या पेशीवरचे ग्राही ते टिपतात, आणि उरलेलं डोपामाइन उचलून पुन्हा आत नेण्याचं काम पहिल्या पेशीच्या पटलातलं एक प्रथिन करतं. त्याचं नाव डोपामाइन ट्रान्सपोर्टर, प्रयोगशाळेतल्या बोलण्यात नुसतं 'डॅट'. टाके घालावेत तसं हे प्रथिन पेशीपटलातून बारा वेळा आरपार जातं आणि त्याची दोन्ही टोकं पेशीच्या आतल्या बाजूला मोकळी लोंबत राहतात. डोपामाइनचा एक रेणू आत न्यायचा तर सोबत सोडियमचे दोन आणि क्लोराइडचा एक आयन लागतो. १९९६ साली ब्रुनो जिरो आणि मार्क कॅरन यांच्या गटाने हे प्रथिनच नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्या मेंदूत डोपामाइन निदान शंभर पट जास्त वेळ फटीत रेंगाळायचं, आणि ते उंदीर एका जागी थांबायलाच तयार नव्हते.

कोकेन या डॅटचं तोंड बंद करतं. डोपामाइनने जिथे बसायचं त्याच पोकळीत ते जाऊन बसतं. २०१५ साली फळमाशीच्या डॅटची कोकेनसकट स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तेव्हा हे बूच अक्षरशः दिसलं. हिशोब सरळ आहे: उचलणारा अडकला, म्हणून माल रस्त्यावर पडून राहिला.

अ‍ॅम्फेटामाइनची चाल याहून बेरकी. त्याचा चेहरामोहरा डोपामाइनसारखा असल्यामुळे डॅट त्याला आपलाच समजून आत घेतं. आत गेल्यावर ते डोपामाइनच्या साठवणीच्या पुटिकांमधे शिरतं, तिथला माल पेशीत सांडायला लावतं, आणि मग डॅट उलटं चालायला लागतं. आत आणण्यासाठी नेमलेला माणूस बाहेर नेऊ लागतो. हे उलटं चालणं एकट्या डॅटच्या मर्जीने होत नाही, आणि माझ्या विषयाचा गाभा इथेच आहे. डॅटच्या एका लोंबत्या टोकाला 'कॅम-के-टू' नावाचं विकर येऊन चिकटतं आणि दुसऱ्या टोकावरच्या सेरीन या अमिनो आम्लांना फॉस्फेट जोडतं. सिंटॅक्सिन नावाचं आणखी एक प्रथिन त्याच दुसऱ्या टोकाशी जुळतं, आणि अ‍ॅम्फेटामाइन असलं की ही जवळीक वाढते. २००४ सालच्या एका प्रयोगात डॅटच्या त्या टोकाची पहिली बावीस अमिनो आम्लं कापून टाकली. डोपामाइन आत नेण्याचं रोजचं काम जसंच्या तसं चालू राहिलं, पण अ‍ॅम्फेटामाइनमुळे बाहेर पडणारं डोपामाइन सुमारे ८० टक्क्यांनी घटलं. टोक न कापता त्यावरची फक्त पाच सेरीन बदलली तरी तोच परिणाम.

मला हा प्रयोग फार आवडतो. प्रथिन तेच, जागा तीच, रोजचं काम तेच. बदललं ते इतकंच, की त्याच्या शेपटाला कोण येऊन बिलगू शकतं. शाळेत आपल्याला प्रथिनं म्हणजे शरीराच्या विटा असं शिकवतात, आणि त्या विटांनी डोक्यात जे घर केलं ते जात नाही. वीट एकटीही वीटच असते. चेतापेशीतलं प्रथिन मात्र कुणाच्या सोबतीत आहे यावर काय करतं ते ठरतं. कुणी कुणाशी बोलायचं हेच उत्तेजक द्रव्य बदलून टाकतं. भांडवल तेवढंच राहतं, संगत बदलते.

आता समोरच्या पेशीकडे वळू. 'न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स' हा मेंदूच्या खोल भागातला गठ्ठा सुखाच्या, अपेक्षेच्या आणि सवयीच्या हिशोबात मध्यवर्ती आहे. तिथल्या पेशींवर डोपामाइनचे डी-१ आणि डी-२ हे ग्राही असतात, आणि ग्लुटामेट या दुसऱ्या संदेशवाहकाचे एनएमडीए ग्राही असतात. ढोबळमानाने सांगायचं तर ग्लुटामेट बाहेरच्या जगाची बातमी आणतो, आणि ती बातमी किती मोलाची ते डोपामाइन सांगतं. वळण, गाडी, मित्राचा आवाज ही बातमी. "हे लक्षात ठेव" हा शेरा डोपामाइनचा. उत्तेजक द्रव्याने डोपामाइनचा पूर आणला की डोपामाइनचा ग्राही आणि एनएमडीए ग्राही पेशीपटलावर एकमेकांना जाऊन भिडतात आणि जोडीने काम करू लागतात.

असं काही घडतं हे दिसतं कसं? मेंदूच्या पातळ कापावर दोन प्रतिपिंडं टाकतात. एक डी-२ ला धरतं, दुसरं एनएमडीएला. दोन्ही प्रतिपिंडांना डीएनएचा एकेक छोटा धागा बांधलेला असतो. दोन प्रथिनं साधारण चाळीस नॅनोमीटरच्या आत असतील तरच धागे एकमेकांना गाठतात, त्यांचं वर्तुळ होतं, वर्तुळाच्या शेकडो प्रती निघतात आणि त्यांना चिकटणारा रंग चमकतो. सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर तांबडे ठिपके दिसतात. ठिपका दिसला तर हे दोघे शेजारी आहेत. मग ठिपके मोजत बसायचं. मेंदूविज्ञानातला बराचसा रोमांच असा ठिपके मोजण्यात जातो, हे जाता जाता सांगून ठेवतो. शेजारी असणं म्हणजे बोलणं असंही नाही. चाळीस नॅनोमीटरमधे बऱ्याच गोष्टी मावतात. म्हणून नुसत्या ठिपक्यांवर थांबून चालत नाही, ती जोडी तोडून काय होतं ते पाहावं लागतं.

पॅरिसमधल्या एका गटाने ते केलं आणि २०२१ साली प्रसिद्ध केलं. उंदरांमधे ठरावीक वेळी या जोड्या जुळू न देण्याची सोय त्यांनी केली. निष्कर्ष विलक्षण आहेत. डी-१ आणि एनएमडीए यांची जोडी कोकेनच्या सुरुवातीच्या परिणामांना कारणीभूत ठरते: पेशींच्या जोडण्यांतले पहिले बदल, वागण्यातले पहिले बदल. डी-२ आणि एनएमडीए यांची जोडी तोडली तर सुरुवात थांबत नाही, पण ते बदल टिकून राहत नाहीत. म्हणजे लागण एका जोडीकडे, मुक्काम दुसऱ्या जोडीकडे. शिवाय या जोड्या तोडल्या तरी अन्नासारख्या नैसर्गिक सुखाची ओढ शाबूत राहिली. याच गटाने माणसांचे मरणोत्तर नमुने तपासले. उत्तेजक द्रव्यांचं व्यसन असलेल्यांच्या मेंदूत डी-२ ग्राही एकूण कमी झाले होते, पण जे उरले होते त्यांच्यात एनएमडीएशी जोडी जमवलेल्यांचं प्रमाण जास्त होतं.

माणसं कमी झाली, पण गट घट्ट झाला. ज्याने कुठल्याही संस्थेच्या कार्यकारिणीत काम केलं आहे त्याला हे समजावून सांगायला नको.

इथवरचं सगळं 'काय' होतं. 'कधी' याकडे मात्र वर्तमानपत्री लेखांचं लक्ष जात नाही. ते 'मेंदूचं अपहरण' वगैरे शब्द वापरून मोकळे होतात. अपहरण म्हटलं की एक क्षण डोळ्यांपुढे येतो: पकडलं, नेलं. इथे क्षण नाही, क्रम आहे.

२००१ साली उंदरांना कोकेनची एकच मात्रा देऊन पाहिलं. डोपामाइन बनवणाऱ्या पेशींवर ग्लुटामेटचा जोर वाढला. पाच दिवसांनी तो जोर होता, दहा दिवसांनी नव्हता. एका वेळची पाटी आठवड्या-दीड आठवड्यात कोरी होते. वारंवार घेतल्यावर 'डेल्टा-फॉस-बी' नावाचं प्रथिन साचत जातं. त्याच्या भावंडांच्या अंगावर 'मला मोडा' असं सांगणारा जो भाग असतो तो याच्याकडे नाही, त्यामुळे ती काही तासांत संपतात आणि हे दिवसचे दिवस टिकतं. 'जून-डी' या प्रथिनाशी जोडी करून ते जनुकं चालू-बंद करत राहतं. मात्र काही आठवड्यांत तेही ओसरतं. इथपर्यंत तिसाव्या दिवसाची सुट्टी योग्यच वाटते.

खरी गंमत पुढे आहे, आणि तिला गंमत म्हणवत नाही. २००१ सालीच उंदरांवरच्या आणखी एका प्रयोगात असं दिसलं, की कोकेन बंद केल्यावर कोकेनची आठवण करून देणाऱ्या खुणांची ओढ कमी होत नाही, ती वाढत जाते. पहिल्या दिवशी जेवढी होती त्यापेक्षा आठवड्याने जास्त, महिन्याने त्याहून जास्त, साठाव्या दिवसापर्यंत चढतीच. शास्त्रज्ञ याला ओढीचं 'उबवणं' म्हणतात. अंडं शांत दिसतं, आत काम चालू असतं. २००८ साली यामागची एक यंत्रणा सापडली. अ‍ॅक्युम्बन्समधल्या ग्लुटामेटच्या एएमपीए ग्राहींमधे सहसा एक 'ए-२' नावाचा घटक असतो, तो कॅल्शियमला आत येऊ देत नाही. कोकेन बंद करून महिना उलटून गेल्यावर या घटकाशिवायचे ग्राही तिथे येऊन बसतात. त्यांच्यातून कॅल्शियम आत येतं, जोडणी जास्त ताकदवान होते. हे नवे ग्राही रोखले की उंदरांची वाढलेली ओढ खाली येते. मेथॲम्फेटामाइनच्या बाबतीत हीच घडामोड आठवड्याभरात सुरू होते, म्हणजे प्रत्येक द्रव्याचं वेळापत्रकही वेगळं.

उंदीर हे उंदीर, असं कुणी म्हणेल. म्हणावंच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोकेन सोडलेल्या ७६ माणसांच्या मेंदूचे विद्युतलहरींचे आलेख काढले: कुणाला दोन दिवस झालेले, कुणाला आठवडा, महिना, सहा महिने, वर्ष. कोकेनची चित्रं दाखवल्यावर मेंदूचा प्रतिसाद एक महिना आणि सहा महिने झालेल्यांत सर्वांत जास्त होता. दोन दिवस झालेल्यांपेक्षा जास्त. वर्ष झालेल्यांत तो खाली आलेला होता. या वेगवेगळ्या माणसांच्या तुकड्या होत्या, एकाच माणसाचा वर्षभर माग काढलेला नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. पण मला अंगावर काटा आणणारी गोष्ट निराळी आहे. त्याच माणसांना "तुम्हाला किती घ्यावंसं वाटतं" असं विचारलं, तर जितके जास्त दिवस झालेले तितकं उत्तर कमी-कमी होत गेलेलं होतं.

म्हणजे तिसाव्या दिवशी मान डोलावणारा तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला जे जाणवत होतं ते तो सांगत होता. त्याच्या जाणिवेला जे दिसत नव्हतं ते वाढत होतं. आपण मात्र त्याच दिवशी दार उघडतो, त्याच्या हातात फोन देतो, जुना रस्ता मोकळा करतो आणि जाताना सांगतो, "आता सगळं तुझ्या इच्छाशक्तीवर." ताप चढणार हे ठाऊक असताना थर्मामीटर काढून घेण्यासारखं आहे हे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेने उपचारांची तत्त्वं सांगताना स्पष्ट लिहिलेलं आहे, की नव्वद दिवसांहून कमी काळाच्या सहभागाचा उपयोग मर्यादित असतो. तरीही महिनाभराचा मुक्काम हेच बऱ्याच ठिकाणी उपचाराचं एकक राहिलं आहे. महिना हे भाड्याचं, पगाराचं आणि हप्त्याचं एकक आहे. न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्सला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही.

खाटेवरचे दिवस वाढवा, असं मी म्हणत नाही. सहा महिने कुणाला कोंडून ठेवलं तर तो कामावरून जाईल, संसारातून जाईल, आणि ज्या खुणांशी सामना करायचा त्या खुणा कोंडलेल्या जागेत नसतातच. उबवलेली ओढ बाहेर आल्यावरच कळते. म्हणून पैसा, माणसं आणि लक्ष पहिल्या महिन्याकडून दुसऱ्या ते सहाव्या महिन्याकडे सरकवायला हवं. पहिल्या महिन्यात माणूस थकलेला, झोपाळलेला, पश्चात्तापाने भरलेला असतो. तेव्हा त्याला उपदेश करणं सोपं असतं आणि सोपं आहे म्हणूनच आपण ते करतो.

हे कसं करायचं याचं एक उत्तर हाताशी आहे, आणि ते लोकांना सहसा पटत नाही. व्हर्माँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कोकेनच्या रुग्णांसाठी एक पद्धत आखली. आठवड्यातून अनेकदा लघवीचा नमुना द्यायचा. त्यात कोकेन नसेल तर व्हाउचर मिळतं, लागोपाठ नमुने स्वच्छ असतील तर त्याची किंमत चढत जाते, एकदा सापडलं की पुन्हा पहिल्या पायरीवर. रोख पैसे नाहीत, व्हाउचरवर उपयोगाची वस्तू किंवा सेवा घ्यायची. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत चोवीस आठवड्यांचा उपचार व्हाउचरवाल्यांपैकी ७५ टक्क्यांनी पुरा केला, बाकीच्यांपैकी ४० टक्क्यांनी. उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनावर आजवर सर्वांत भक्कम पुरावा याच पद्धतीच्या बाजूने आहे. चोवीस आठवडे हा आकडा पुन्हा वाचा. उबवणीचा सगळा चढ त्याच्या आत येतो.

"न घेण्याबद्दल बक्षीस? मग आम्ही कधीच घेतलं नाही, आम्हाला काय?" हा आक्षेप मी जिवाभावाच्या माणसांकडून ऐकला आहे आणि त्यातली चीड मला समजते. पण या उपचाराचं गणित पाहा. आठवड्यातून अनेकदा एक छोटं, खात्रीचं, लगेच मिळणारं सुख मेंदूपुढे ठेवलं जातं, तेही नेमक्या त्या महिन्यांत जेव्हा जुन्या खुणा सर्वांत मोठ्याने हाका मारत असतात. पॅरिसच्या प्रयोगाचं इथे स्मरण होतं: नैसर्गिक सुखाची वाट वेगळी ठेवता येते. व्हाउचर त्या वाटेवरून जातं. एकदा सापडल्यावर माणसाला कार्यक्रमातून काढलं जात नाही, पहिल्या पायरीवर आणलं जातं, आणि दोन दिवसांनी पुन्हा नमुना घेतला जातो. बऱ्याच ठिकाणचा नियम याच्या उलट असतो: घेतलं की बाहेर. पायाला पुन्हा मुरड बसली म्हणून अस्थितज्ज्ञाने दार लावून घेतल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

जबाबदारीचं काय, असाही प्रश्न येतो. प्रथिनांच्या जोड्या दाखवल्या की माणूस सुटला का? मला तसं वाटत नाही, आणि विज्ञानही तसं म्हणत नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत, आयुष्यात कधी ना कधी कोकेन घेतलेल्यांपैकी सुमारे १७ टक्के लोक त्याच्या अधीन झाल्याचं दिसलं. बाकीच्यांच्याही मेंदूत डॅटला बूच बसलंच होतं. प्रथिनांनी नियती लिहिली असती तर सगळ्यांचीच गत एक झाली असती. ज्याने गुन्हा केला त्याने त्याचा जाब द्यावा. पण ओढ वाढलेली असणं हा गुन्हा धरून तिला शिक्षा देण्यात अर्थ नाही. चढण सर्वांत तीव्र आहे तिथे ओझं वाढवायचं आणि मग धाप लागली म्हणून चारित्र्यावर बोट ठेवायचं, हा न्याय कुठला?

याच बोलण्याचा दुसऱ्या बाजूने होणारा गैरवापरही सांगायला हवा. 'मेंदूतली प्रथिनं बदलतात' हे वाक्य घाबरवायला फार सोयीचं आहे. एकाग्रतेच्या विकारासाठी मुलांना मेथिलफेनिडेट किंवा अ‍ॅम्फेटामाइन वर्गातली औषधं देतात, आणि चिंतेत पडलेले आईवडील विचारतात: ही तीच द्रव्यं ना? कुटुंब एक आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. मेथिलफेनिडेटही कोकेनसारखंच डॅट अडवतं. व्यसनाच्या संशोधक नोरा व्होल्को यांच्या गटाने १९९५ साली मेंदूच्या 'पीईटी' स्कॅनवर दोन्हींची तुलना केली. शिरेतून दिल्यावर दोन्ही मेंदूच्या त्याच भागात, सारख्याच झपाट्याने पोचतात. कोकेन निम्मं व्हायला वीस मिनिटं लागतात, मेथिलफेनिडेटला नव्वद. गोळी गिळली तर शिखर गाठायला तासाभराहून जास्त वेळ जातो, आणि अर्ध्याहून जास्त डॅट अडलं तरी झिंग येत नाही. मोडॅफिनिलचंही तेच. ते डॅटलाच पकडतं, पण डॅटच्या वेगळ्या ठेवणीत, आणि त्याचं व्यसन लागण्याचा धोका बराच कमी आहे. तोंड तेच, कुलूप निराळं.

ही औषधं काहीच बदलत नाहीत, असं म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याच्यावरही माझा विश्वास बसणार नाही. २०१३ सालच्या एका अभ्यासात एकाग्रतेचा विकार असलेल्या १८ प्रौढांनी वर्षभर मेथिलफेनिडेट घेतल्यावर त्यांच्या मेंदूतलं डॅटचं प्रमाण २४ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. मेंदू औषधाशी जुळवून घेतो. त्याच वर्षीच्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात, लहानपणी ही औषधं घेतल्याने पुढे व्यसनाचा धोका वाढतो असं दिसलं नाही, आणि कमी होतो असंही नाही. बदल म्हणजे बिघाड असं समीकरण मांडायचं तर कविता पाठ करणंही धोक्याचं ठरेल, कारण त्यातही ते कॅम-के-टू कामाला लागतंच. विचारायचं ते हे: किती, किती वेगाने, किती काळ, आणि मागे काय राहिलं?

औषधांचं म्हणाल तर आजवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोकेन किंवा मेथॲम्फेटामाइनच्या व्यसनासाठी एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. २०२१ साली मेथॲम्फेटामाइनसाठी नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन आणि ब्युप्रोपिऑन एकत्र देऊन पाहिलं. औषध मिळालेल्यांत प्रतिसादाचं प्रमाण १३.६ टक्के, न मिळालेल्यांत २.५. काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढंच. इतक्या वर्षांत इतकंच का, याचं एक कारण असं, की आपण ग्राही बंद करायच्या मागे लागलो. डी-२ पूर्ण अडवला तर हालचाली बिघडतात, एनएमडीए अडवला तर स्मृती. रहदारी थांबवायला शहराचे सगळे रस्ते खोदण्यासारखं ते होतं. दोन प्रथिनांची नको ती जोडी तेवढी सोडवायची, ही कल्पना मला जास्त आशेची वाटते. पेशीच्या आत पोचेल, नेमक्या गठ्ठ्यात पोचेल, आणि इतर ठिकाणच्या त्याच जोडीला हात लावणार नाही, असा रेणू बनवणं मात्र अजून व्हायचं आहे. त्यासाठी पैसा लागेल, आणि व्यसनाधीन माणसासाठी पैसा मागायला कुणी मोर्चा काढत नाही.

शेवटचा आकडा पुन्हा व्होल्को यांच्याच गटाचा. २००१ साली त्यांनी मेथॲम्फेटामाइनचं व्यसन असलेल्या पाच जणांच्या मेंदूचं दोनदा मोजमाप प्रसिद्ध केलं. पहिलं, सोडून फार दिवस झालेले नसताना. तेव्हा डॅट लक्षणीय घटलेलं होतं. दुसरं, त्याच माणसांचं, बारा ते सतरा महिन्यांनी. मेंदूच्या खोल भागातल्या 'स्ट्रायटम' या पट्टिकेच्या एका भागात डॅट १९ टक्क्यांनी आणि दुसऱ्यात १६ टक्क्यांनी परत आलेलं होतं. स्मरणशक्ती आणि हालचालींच्या चाचण्यांत तेवढी भर दिसली नाही, ती मागेच रेंगाळत होती. पाचच माणसं होती, कारण इतके महिने न घेता राहिलेली आणि पुन्हा त्याच यंत्राखाली पडून राहायला तयार असलेली माणसं गोळा करणं फार कठीण असतं.